कुणालाच न सापडलेली मंडळी

मारिट वासिंकने निरोपाचं पत्र बुधवारीच लिहून ठेवलं होतं. ते फार छान उतरलं होतं, आणि तीच पंचाईत होती. एखादी गोष्ट बंद करण्याबद्दल आपण इतकं सुंदर लिहू शकतो हे कळलं, की माणसाला ती बंद करावीशीच वाटू लागते.

बंद व्हायची होती ती 'गुरुवारची मंडळी'. देव्हेंटरमध्ये आणि आयसल नदीच्या काठच्या गावांत लोकांच्या वेबसाइट बांधून पोट भरणारे जे कुणी होते, ते दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी संध्याकाळी डब्यांच्या जुन्या कारखान्यात वरच्या मजल्यावर जमत. डबे बनायचे केव्हाच बंद झाले होते; आता तिथे नगरपालिकेने खोल्या केल्या होत्या आणि शेजारच्या खोलीत भरतकामाचा वर्ग चाले. शिवाय दर शुक्रवारी दुपारी मारिटचं पत्र मेलने सगळ्यांकडे जाई. त्या आठवड्यात धंद्यात नवं काय घडलं, कुठलं नवं साधन वापरून बघण्यासारखं आहे, कुठलं दिसतं गोंडस पण साइटचा पार कासव करून टाकतं, कुठल्या गावात कोण जमणार आहे, असं सगळं त्यात असे. पत्र तिखट असे. लोक बातम्यांसाठी उघडत आणि टोमण्यांसाठी शेवटपर्यंत वाचत.

मंडळी सुरू केली तेव्हा मारिटची कंपनी नुकतीच बुडाली होती आणि ती एकटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून काम करू लागली होती. दिवसभरात तिच्याशी बोलणारं कोण, तर कुरियरवाला, आणि तोही "इथे सही करा" एवढंच. नवी माहिती मिळावी म्हणून मंडळी काढली असं ती सांगे. खरं तर तिला माणसं हवी होती. हे तिने पत्रात कधी लिहिलं नाही.

सुरुवातीला खोलीत उभं राहायला जागा नसे. मग हळूहळू लोक गळत गेले. कुणी आम्स्टरडॅमला गेलं, कुणाला बाळ झालं, कुणाला नोकरी लागली. असं व्हायचंच. पण पूर्वी दोन गेले की दोन नवे येत, आणि गेलं वर्ष-दीड वर्ष नवं कुणी फिरकतच नव्हतं. आताशा तिघंच जमत, आणि त्या तिघांत मारिट स्वतः एक.

यावर मारिटकडे एक सिद्धान्त तयार होता. आता यंत्राला चार ओळी सांगितल्या की ते साइट बनवून देतं. मग साइट बांधणारे कशाला हवेत, आणि त्यांची मंडळी तरी कशाला? आपला धंदा म्हातारा झाला, तो आता अंथरुणाला खिळलाय, आपण उशाशी बसलोय. निरोपाच्या पत्रात हे तिने इतक्या हळुवारपणे मांडलं होतं, की वाचताना तिचेच डोळे भरून आले होते. पत्र शुक्रवारी दुपारी बाराला आपोआप जाईल अशी व्यवस्था करून ती गुरुवारी शेवटच्या बैठकीला निघाली.

मार्च होता. वारा असा, की सायकल पुढे जायच्या ऐवजी आडवीच सरकत होती. नदीपलीकडून छोट्या होडीने सायकलसकट ती अलीकडे आली, कारखान्याच्या जिन्यावरून वर चढली, तर डौवे आधीच कॉफीचं यंत्र लावत होता. डौवे मूळचा फ्रीसलंडचा, शिडीसारखा उंच, आणि दातांचे डॉक्टर आणि अंत्यविधीवाले ही त्याची ठरलेली गिऱ्हाइकं.

"किती जणांची टाकू?" त्याने विचारलं.

"तिघांची. दरवेळी काय विचारतोस?"

"आशा वाटते गं. मग कळतं आपलं वय झालंय."

बेरेंद खिडकीपाशी त्याच्या ठरलेल्या खुर्चीत बसला होता. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. आता गायनसंघ आणि पक्षी बघणाऱ्यांची मंडळं यांच्या साइट फुकट बांधून देई. बोले कमी. पण तो बोलला की डौवेसुद्धा गप्प बसे.

भिंतीवर एक फळी होती आणि तिच्यावर एक लाकडी पाट आणि लांब सुरी. ही मंडळीची जुनी चाल होती, आणि ती मारिटनेच पाडलेली. ज्याच्या हातून कामात मोठा घोळ होईल, त्याने पुढच्या बैठकीला देव्हेंटरचा मधाचा केक आणायचा, सगळ्यांसमोर उभं राहून आपला घोळ अथपासून इतिपर्यंत सांगायचा, आणि मग केक कापायचा. ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवायच्या, उपदेश करायचा नाही. डौवेने असे बरेच केक आणले होते. एकदा अंत्यविधीवाल्यांच्या साइटवर 'आमच्या खूश ग्राहकांचे अनुभव इथे टाका' ही नमुन्याची ओळ तशीच राहून गेली होती आणि आठवडाभर सगळ्या गावाने ती वाचली होती. बेरेंदने एका गायनसंघाची सगळी साइट पुसून टाकली होती, आणि तिची एकुलती एक प्रत त्याच साइटवर ठेवलेली होती. मारिटने मात्र आजवर एकदाही केक आणला नव्हता. "बाईसाहेबांच्या हातून चूक होतच नाही," असं डौवे म्हणे, आणि मारिट ते नाकारत नसे.

तिने घसा साफ केला. "हे बघा, आज मला जरा बोलायचंय..."

तेवढ्यात दार उघडलं. पावसाचा कोट घातलेली, चाळिशीची एक बाई दारात उभी होती.

"वेबसाइटवाले इथेच जमतात ना? की मी भरतकामात शिरले?"

"भरतकाम शेजारी," डौवे म्हणाला. "तिथे गर्दी असते. त्यावरूनच ओळखायचं."

मग तो एकदम ताठ झाला. "अरे, तुम्ही नुरसेल का? परवा फोन केला होतात? मारिट, मी सांगायला विसरलो. मला वाटलं नव्हतं या येतील."

घडलं होतं ते असं. नुरसेलची दाढ दुखत होती. दातांच्या डॉक्टरची साइट तिला इतकी आवडली, की तोंड बधिर असतानाच तिने काउंटरवरच्या मुलीला ती कुणी बांधली म्हणून विचारलं. डौवेचं नाव कळलं, तिने डौवेला फोन लावला, आणि डौवेने तिला गुरुवार सांगितला. नुरसेलचं कुटुंब तुर्कस्तानातून इथल्या गालिच्याच्या कारखान्यात कामाला आलेलं. ती स्वतः जन्मापासून देव्हेंटरची. शिलाईचं दुकान सांभाळता सांभाळता तिने आधी स्वतःची साइट बांधली, मग शेजारच्या बेकरीची, मग लग्नाचे पोशाख भाड्याने देणाऱ्याची. आता तर अख्खी गल्ली तिच्या मागे लागली होती.

"बसा ना, बसा," मारिट म्हणाली. मनातल्या मनात ती वैतागली होती. मरणाच्या दिवशी पाहुणे यावेत तसं झालं होतं.

नुरसेल बसली ती प्रश्नांची पोतडी उघडूनच. दृष्टी अधू असलेल्यांनाही दुकानाची साइट वापरता आली पाहिजे असा कायदा आलाय म्हणे, तो बेकरीला लागतो का? बेकरीवाल्याच्या आईला ऑर्डरचं बटण दिसतच नाही, कारण ते फिकट गुलाबीवर पांढरं आहे, आणि तो रंग बदलायला तयार नाही कारण दुकानाची पाटीही तशीच आहे. काय करू?

"त्याला डोळे मिटायला सांगा," बेरेंद म्हणाला.

त्याने खुर्ची पुढे ओढली आणि साइट मोठ्याने वाचून दाखवणारं साधन आपल्या लॅपटॉपवर सुरू केलं. बेकरीची साइट त्या यंत्राच्या आवाजात ऐकू येऊ लागली: "चित्र. चित्र. बटण. चित्र. बटण." चौघंही डोळे मिटून ऐकत होते.

"अगं बाई," नुरसेल म्हणाली. "माझ्या बेकरीत काही खायलाच मिळत नाहीये!"

पुढचा तासभर कसा गेला ते कुणालाच कळलं नाही. डौवेने तिला फोटो हलके करायचं नवं साधन दाखवलं. मारिटने या आठवड्यातल्या बातम्या सांगितल्या: सगळेजण जी फुकटची प्रणाली वापरून साइट बांधतात, तिची नवी आवृत्ती येऊ घातली होती, आणि मे महिन्यात गेंटमध्ये दोन दिवस लोक जमणार होते, भाषणं ऐकायला नव्हे, तर एकेका टेबलाभोवती बसून त्याच प्रणालीतली भोकं बुजवायला. "म्हणजे सगळ्यांच्या विहिरीचा गाळ काढायला," नुरसेल म्हणाली. मारिटला ते इतकं आवडलं की तिने ते पत्रात वापरायचं ठरवलं. मग पुढचं पत्र नाहीच हे तिला आठवलं.

"आणि तुम्ही दर महिन्याला असे भेटता? इथेच?" नुरसेलने विचारलं.

"दर महिन्याला. आणि इथे सगळे अरे-तुरे करतात, अहो-जाहो नको," मारिट म्हणाली.

"बरं, मग अगं-तुगं. अगं, मी ऊट्रेख्टला जाते गाडीने! तिथल्या बैठकीला! माझं दुकान इथून दोन गल्ल्या सोडून आहे आणि मी ऊट्रेख्टला जाते!"

"मग इथे का नाही आलीस?" मारिटने जरा झोंबेल असंच विचारलं.

"सापडलं तर येईन ना! दीड वर्ष शोधतेय."

"काय टाकून शोधलंस?"

"देव्हेंटर. वेबसाइट. मंडळी. आणखी काय टाकू, नवस?"

डौवे खो-खो हसला. मारिट हसली नाही. "लोकांना शोधता येत नाही हल्ली," ती म्हणाली, आणि हे बोलणं आपल्यालाच उद्धट वाटलं म्हणून तिने घाईघाईने पुढचं सांगून टाकलं. "असो. मला आज तेच बोलायचं होतं. ही शेवटची बैठक आहे. मंडळी बंद करतेय मी. पत्रही."

शेजारून भरतकामाच्या बायकांचं हसणं ऐकू आलं.

"बंद?" नुरसेल म्हणाली. "अगं, मी आत्ता कुठे कोट काढलाय."

मारिटने आपला सिद्धान्त सांगितला. यंत्रं, चार ओळी, म्हातारा धंदा. पत्रात जे हळुवार वाटलं होतं ते तोंडी बोलताना नुसतं रडगाणं वाटलं. डौवे कपातल्या कॉफीकडे बघत राहिला. नुरसेलने एकदाच म्हटलं, "यंत्राने बेकरीवाल्याच्या आईला कुठे विचारलं असतं?" पण मारिटने ते मनावर घेतलं नाही. बेरेंद तर गेली दहा मिनिटं गप्पच होता. तो भुवई उचलून नुरसेलकडे बघत होता, वर्गात एखाद्या मुलाने चुकून बरोबर उत्तर दिल्यावर बघत असेल तसा. निघताना त्याने मारिटचा खांदा थोपटला. ते दुःखामुळे, असं मारिटला वाटलं.

शुक्रवारी सकाळी ती लोणी लावलेल्या पावावर चॉकलेटचा चुरा भुरभुरवत होती, तेव्हा बेरेंदचा फोन आला.

"बघितलंस का?"

"काय बघायचं?"

"मारिट, ती बाई दीड वर्ष शोधतेय. तू नवी साइट कधी लावलीस?"

चॉकलेटचा चुरा टेबलावर सांडत होता. दीड वर्षापूर्वी. मंडळीची साइट तिने पार नव्याने बांधली होती, दोन महिने खपून, आणि ती झाल्यावर स्वतःचीच पाठ थोपटली होती.

साइट अर्धवट असते तेव्हा बांधणारे एका चौकटीत बरोबरची खूण करतात. त्या खुणेचा अर्थ असा, की शोधयंत्रांनो, इकडे फिरकू नका, अजून चुना ओला आहे. साइट लोकांसाठी खुली केली की ती खूण काढायची. बस, एवढंच. या धंद्यातला प्रत्येक माणूस आयुष्यात एकदा तरी ती काढायला विसरतो, आणि त्याबद्दल मारिटने पत्रात किमान चार वेळा लोकांची चामडी सोलली होती.

तिने लॅपटॉप उघडला. आत गेली. चौकटीत खूण होती.

"आहे का?" बेरेंदने विचारलं.

"आहे."

"हं."

मारिटला आधी हसू आलं, मग कान गरम झाले, आणि मग तिचा संताप संताप झाला, आणि तो निघाला समोर होता त्याच्यावर. "तुला काल तिथेच कळलं होतं! मग तिथेच का नाही बोललास? मी एवढं रडगाणं गायले आणि तू ऐकत बसलास!"

"संशय आला होता. खात्री घरी येऊन केली. आणि समजा कळलं असतं, तर काय डौवेसमोर सांगू?" बेरेंद शांतपणे म्हणाला. "तो पुढची दहा वर्षं जेवला असता त्यावर."

"पण दीड वर्ष, बेरेंद! मला कसं नाही कळलं?"

ते तिलाच माहीत होतं. साइटवर येणाऱ्यांवर पाळत ठेवणारी साधनं तिने तत्त्व म्हणून काढून टाकली होती, त्यामुळे किती आले आणि किती गेले हे बघायची सोयच नव्हती. आणि स्वतःची साइट स्वतः कोण शोधतं? पत्ता पाठ असतो. ती रोज आपल्या किल्लीने आपल्या घरात शिरत होती, आणि बाहेरून घराला दारच नाही हे तिला कळायचं काही कारण नव्हतं.

"ऐक," बेरेंद म्हणाला. "ती खूण काढ. दुपारचं पत्र थांबव. विचार बदलला म्हणून सांग. मी कुणाला काही बोलणार नाही."

त्याने फोन ठेवला. मारिटने खूण काढली. एक टिचकी, झालं. तेवढ्यासाठी तिने अख्ख्या धंद्याला अंथरुणाला खिळवलं होतं, उशाशी बसली होती, टिपं गाळली होती. निरोपाचं पत्र तिने पुन्हा वाचलं. 'आपल्यासारख्यांची आता कुणाला गरज उरली नाही' हे वाक्य वाचताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते पत्र तिने पुसलं.

आता रिकामा कागद समोर होता आणि बारा वाजायला थोडाच वेळ उरला होता. तिने लिहिलं: 'काही तांत्रिक अडचणीमुळे आपली साइट गेले काही दिवस...'

इथे तिचा हात थांबला. 'तांत्रिक अडचणीमुळे' असं लिहिणाऱ्या माणसाला कामावर ठेवू नका, असं तिने स्वतः मागच्याच वर्षी छापलं होतं. अडचणीला हातपाय नसतात, ती कुणाच्या तरी हातून होते, त्याचं नाव लिहा. तेव्हा लोकांनी वाहवा केली होती.

बेरेंद बोलणार नाही हे नक्की होतं. साइट दोन-चार आठवड्यांत शोधात दिसू लागली असती, हळूहळू नवे लोक आले असते, आणि डौवे तहहयात म्हणत राहिला असता की बाईसाहेबांच्या हातून चूक होत नाही. किती सोपं होतं. मारिट उठली, तिने सांडलेला चुरा पुसला, पाव खाल्ला, भांडी धुतली. मग तिला पाटावरची सुरी आठवली. बेरेंद गायनसंघाची गोष्ट सांगायला उभा राहिला होता, तेव्हा त्या आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माणसाचे गुडघे थरथरत होते, आणि ते तिने बघितलं होतं. लोकांना उभं करायची चाल तिने पाडली होती आणि स्वतः बसून टाळ्या वाजवत आली होती. तिला लाज वाटली ती खुणेपेक्षा याची जास्त.

तिने ओळ खोडली आणि लिहिलं:

'पुढच्या गुरुवारचा केक माझा. दीड वर्षापूर्वी नवी साइट लावताना मी ती खूण काढायला विसरले. हो, तीच खूण, जिच्यावरून मी तुम्हाला वर्षानुवर्षं बोलत आलेय. दीड वर्ष आपली मंडळी कुणालाही सापडत नव्हती. मी मात्र समजले की जगाला आपली गरज उरली नाही, आणि आजच्या पत्रात हे सगळं बंद करणार होते. आपल्याला शोधून काढलं ते एका दाढदुखीने. या आठवड्याची बातमी एवढीच. साधन: दर महिन्याला एकदा परक्या माणसाच्या फोनवर स्वतःला शोधून बघा. कार्यक्रम: एप्रिलचा पहिला गुरुवार, डब्यांचा कारखाना, वरचा मजला. मी उभी राहून सगळं सांगेन. टाळ्या वाजवायला तरी या.'

बाराला पत्र गेलं. मारिट सायकल काढून वाऱ्यात निघून गेली, कारण घरात बसून उत्तरांची वाट बघायची तिची छाती नव्हती.

परत आली तेव्हा मेलची पेटी भरली होती. एकाने यादीतून आपलं नावच काढलं होतं. दुसऱ्याने लिहिलं होतं, 'आणि तू आम्हाला शिकवायचीस!' तिसरा म्हणत होता, यंत्राने माझी निम्मी गिऱ्हाइकं नेली, ते काही तुझ्या खुणेमुळे नव्हे; आणि हे खरंच होतं. पण बाकीची उत्तरं वेगळी होती. एका नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावाची साइट सबंध उन्हाळा सापडत नव्हती, ती बांधणाऱ्याने हे आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. आपेलडोर्नच्या कुणीतरी ते पत्र आपल्या ओळखीच्या झाडून सगळ्यांना पाठवलं होतं. आणि झुटफेनच्या सास्किया नावाच्या जुन्या सदस्याने लिहिलं होतं: 'बाळंतपणानंतर परत यायचं होतं. अजून जमता का ते बघायला शोधलं, काहीच आलं नाही. मेलचा पत्ताही जुन्या नोकरीबरोबर गेला होता. मला वाटलं, तुम्ही केव्हाच बंद केलंत. मला फार वाईट वाटलं होतं, मारिट. आज मैत्रिणीने हे पत्र धाडलं.'

मारिटने ते उभ्या उभ्या वाचलं आणि ती खुर्चीत बसली. तिला रडू आलं. बाहेर कुणीतरी इतके दिवस आपल्यासाठी वाईट वाटून घेत होतं, आणि आपण आत एकटे बसून तेच करत होतो.

मग डौवेचा निरोप आला: 'मोठा आण. मी दुपारी जेवणार नाही.'

एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी नदी चढली. वर जर्मनीत पाऊस झाला होता, कुरणं पाण्याखाली गेली होती आणि होडी बंद होती. हे मारिटला होडीच्या धक्क्यावर पोचल्यावर कळलं. सायकलच्या पिशवीत लांबलचक मधाचा केक, समोरून वारा, आणि आता पुलावरून वळसा. ती पोचली तेव्हा धाप लागली होती आणि केस चेहऱ्याला चिकटले होते. कारखान्याबाहेर सायकलींची ही गर्दी! भरतकामाच्या वर्गाचं प्रदर्शन असणार, तिने मनाशी म्हटलं, आणि केक छातीशी धरून ती जिना चढली.

वरच्या बोळात भरतकामाच्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"तुमच्या माणसांनी आमच्या खुर्च्या नेल्या! विचारलंसुद्धा नाही!"

"आमच्या माणसांनी?" मारिट म्हणाली.

"त्या ताडमाड माणसाने आणि एका तुर्की बाईने. सगळ्या नेल्या. आम्ही काय उभ्याने टाके घालायचे?"

मारिटने दार ढकललं. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. लोक खुर्च्यांवर होते, टेबलांवर होते, खिडकीच्या कट्ट्यावर होते. निम्म्यांना तिने कधी बघितलंच नव्हतं. सास्किया पोराला कडेवर घेऊन उभी होती. बेरेंद त्याच्या जागी होता, पण खुर्ची कुणाला तरी देऊन उभा. नुरसेलने बेकरीवाल्यालाच धरून आणलं होतं. तो अवघडून कोपऱ्यात उभा होता आणि कुणीतरी त्याला नव्या गडद बटणाबद्दल शाबासकी देत होतं.

"आली!" नुरसेल ओरडली. "बेरेंद अबी, सुरी दे तिला." बेरेंदला नुसत्या नावाने हाक मारणं तिला जमलं नव्हतं, म्हणून तिने त्याला आपल्या भाषेतला थोरला भाऊ करून टाकलं होतं. बेरेंदची त्याला मुळीच हरकत नव्हती.

मारिट पाटापाशी उभी राहिली. तिने बेरेंदकडे बघितलं आणि बेरेंदने मान हलवली.

"मी मारिट," ती म्हणाली. "मी शहाणी आहे. त्यामुळे हे झालं."

तिने सगळं सांगितलं. नव्या साइटची मिजास सांगितली, खूण सांगितली, सिद्धान्त सांगितला. निरोपाच्या पत्रातलं ते हळुवार वाक्य तिने म्हणून दाखवलं तेव्हा लोक इतके हसले की शेजारून कुणीतरी भिंतीवर धपाटे घातले. आणि एकटीला कंटाळून माणसांसाठी ही मंडळी काढली होती, हेही तिने सांगून टाकलं. ते सांगायचं तिने ठरवलेलं नव्हतं. त्यावर कुणी हसलं नाही. मग टाळ्या झाल्या, आणि डौवेने सगळ्यात जास्त वेळ वाजवल्या.

ती केक कापू लागली. नेहमीच्या जाडीच्या चार फोडी झाल्या आणि तिने मान वर करून खोलीकडे बघितलं. हा केक पुरत नव्हता. कसाही मोजला तरी पुरत नव्हता.

"त्याच फोडी उभ्या चिर," नुरसेल म्हणाली. "आणखी बारीक. अगं, चव कळली की झालं, आम्ही काय जेवायला आलोय?"

"मी आलोय," डौवे म्हणाला.

कागदासारख्या फोडी हातोहात फिरल्या. दोन फोडी भरतकामाच्या बाईंना खुर्च्यांच्या बदल्यात गेल्या. पाट रिकामा झाला तेव्हा मारिटच्या वाट्याला चुराच उरला होता; तो तिने बोटाने टिपून तोंडात टाकला.

"पुढच्या महिन्याचा केक कुणाचा?" डौवेने दरवेळच्या सवयीने विचारलं. "कुणाच्या हातून काही झालंय का?"

पोहण्याच्या तलावाच्या माणसाने हळूच हात वर केला. मग सास्कियाने. मग खिडकीच्या कट्ट्यावरच्या दोघांनी एकमेकांकडे बघत, मग नुरसेलने दोन्ही. बेकरीवाल्याने काय चाललंय ते न समजून केला आणि नुरसेलने तो खाली ओढला. हात वर जातच राहिले.

मारिट बोट दाखवून एकेक हात मोजू लागली आणि अर्ध्यावरच तिने नाद सोडला. पुढच्या वर्षापर्यंतचे गुरुवार भरले होते.